सेकंदाला दहा बिट

जानेवारी २०२४ मध्ये न्यूरालिंक या अमेरिकी कंपनीने मानेखालचं शरीर लुळं पडलेल्या एका तरुणाच्या मेंदूत चिप बसवली. दोनेक महिन्यांत तो हात न हलवता संगणकावर बुद्धिबळ खेळताना जगाला दिसला. बातमी मोठीच होती. पण व्हॉट्सअ‍ॅपवरून आमच्यापर्यंत पोचेस्तोवर तिची ‘मन वाचणारी चिप’ झाली होती, आणि पाठोपाठ आपल्या ऋषिमुनींना परकायाप्रवेश कसा ठाऊक होता याचा फॉरवर्डही आला. कंपनीनेही उत्पादनाचं नाव ‘टेलीपथी’ ठेवून या गोंधळाला खतपाणीच घातलं. प्रत्यक्षात ती चिप मन वगैरे काही वाचत नाही. मेंदूच्या ज्या भागातून हाताला हुकूम सुटतात, तिथे केसाहून बारीक तारा रोवलेल्या आहेत. माणसाने हात हलवायचा प्रयत्न केला की तिथल्या चेतापेशी विजेचे संकेत सोडतात, आणि त्या संकेतांवरून कर्सर कुठे न्यायचा ते संगणक ठरवतो.

मला मात्र त्या बातमीतला एक आकडा आवडला. कंपनीने त्या तरुणाचा कर्सर हलवण्याचा वेग जाहीर केला तो सेकंदाला ८ बिट असा (बिट हे माहिती मोजायचं एकक). त्यांच्याच इंजिनिअरांचा साधा माऊस हातात धरून वेग होता सुमारे १० बिट. आता फाइलीचे बिट समजू शकतात, इंटरनेटचेही समजतात. पण हाताच्या हालचालीचा वेग सेंटिमीटरमध्ये न सांगता बिटमध्ये का सांगायचा? कंपनीची मोजणी तिच्या स्वतःच्या सूत्राने होते खरी, पण या कल्पनेचं मूळ सत्तर वर्षं जुनं आहे. माणूस आणि संगणक यांच्यातल्या व्यवहाराचं जे शास्त्र आहे, त्यात गणिती म्हणावेत असे नियम हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. त्यातला सगळ्यात देखणा तो हा, फिट्सचा नियम.

पॉल फिट्स हा मानसशास्त्रज्ञ. दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकी हवाई दलात होता. त्या काळात धडधाकट विमानं अनुभवी वैमानिकांच्या हातून आपटत होती, आणि अहवालात शेरा एकच पडायचा, ‘वैमानिकाची चूक’. १९४७ मध्ये फिट्स आणि त्याचा सहकारी जोन्स यांनी अशा ४६० चुकांच्या हकिगती गोळा करून चाळल्या. त्यांत पुन्हापुन्हा दिसलं ते असं, की दोन तरफा सारख्या दिसायच्या, शेजारीशेजारी असायच्या, किंवा एका विमानात एका जागी आणि दुसऱ्या विमानात भलत्याच जागी. त्याआधीच अल्फोन्स चॅपनिस या मानसशास्त्रज्ञाने बी-१७ बॉम्बर विमानांत हाच घोळ पकडला होता. विमान सुखरूप उतरल्यावर वैमानिक पंखांचे फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या झडपा) आत घ्यायला जायचा आणि शेजारची तरफ ओढून चाकंच आत घ्यायचा. उपाय अगदी साधा निघाला. चाकाच्या तरफेला चाकाच्या आकाराची मूठ आणि फ्लॅपच्या तरफेला फ्लॅपसारखी. प्रवासी विमानांत चाकाची ती मूठ आजही असते. चूक माणसाची म्हणून फाइल बंद करण्याआधी यंत्राकडे बघावं, ही सवय इथे लागली, आणि संगणकाच्या पडद्यांची रचना करणारे पुढे त्याच सवयीवर वाढले.

१९५४ मध्ये फिट्सने केलेला प्रयोग शाळेच्या प्रयोगशाळेतही होईल असा आहे. टेबलावर धातूच्या दोन पट्ट्या. हातात धातूची लेखणी. या पट्टीवर टेकवायची, त्या पट्टीवर टेकवायची, परत या, परत त्या, जमेल तितक्या भरभर, पण पट्टीबाहेर न जाता. पट्ट्यांची रुंदी पाव इंचापासून दोन इंचांपर्यंत, त्यांच्यातलं अंतर दोन ते सोळा इंच. तुम्हीही करून बघा. कागदावर २ सेंटिमीटर रुंदीचे दोन चौकोन १६ सेंटिमीटर अंतरावर काढा, त्यांत दहा सेकंद पेनाने टिंबं देत राहा आणि टिंबं मोजा. मग १ सेंटिमीटरचे दोन चौकोन ८ सेंटिमीटर अंतरावर काढून तेच करा. अंतर निम्मं झालं, म्हणजे टिंबं बरीच वाढायला हवीत. ती जवळजवळ तेवढीच पडतात, कारण चौकोनही निम्मा झालाय. वेळ ठरवतं ते अंतर आणि रुंदी यांचं गुणोत्तर.

गंमत पुढे आहे. रुंदी तीच ठेवून अंतर दुप्पट केलं, तर वेळ दुप्पट होत नाही. वेळेत एका ठरावीक तुकड्याची भर पडते. अंतर चौपट केलं तर तसे दोन तुकडे, आठपट केलं तर तीन. एक गोष्ट पटीने वाढतेय आणि दुसरी पायरीपायरीने चढतेय, हे दिसलं की शाळेतलं लॉग टेबल आठवायला हरकत नाही. फिट्सचं सूत्र असं: अंतराची दुप्पट घ्या, तिला रुंदीने भागा, आणि उत्तर २ चा कितवा घात आहे ते पाहा. वरच्या दोन्ही चौकोनांच्या जोड्यांत दुप्पट अंतर भागिले रुंदी येते १६, म्हणजे २ चा चौथा घात. म्हणून त्या नेमाची काठिण्यपातळी ४ बिट. अंतर १६ ठेवून चौकोन १ सेंटिमीटरचा केला, तर ३२, म्हणजे ५ बिट. फिट्सच्या प्रयोगात सगळ्यात सोपा नेम १ बिटचा होता, त्याला लोकांना सुमारे ०.१८ सेकंद लागले. सगळ्यात अवघड ७ बिटचा, त्याला सुमारे ०.७३ सेकंद. म्हणजे दर बिटामागे साधारण ०.१ सेकंद. आपला हात सेकंदाला दहाएक बिट ‘पाठवतो’.

हे ‘बिट’ फिट्सने क्लॉड शॅनन या अमेरिकी गणितज्ञाकडून घेतले. टेलिफोनच्या तारेतून गोंगाट असतानाही किती माहिती धाडता येते याचं गणित शॅननने १९४८ मध्ये मांडलं होतं. फिट्स म्हणाला, हातही तशीच एक तार समजा. मेंदू म्हणतो ‘इथे’, आणि हात थरथरत, थोडा इकडेतिकडे होत तिथे पोचतो. अंतर हा संदेश, रुंदी म्हणजे किती गोंगाट चालेल त्याची सूट. अरुंद लक्ष्य गाठणं म्हणजे अनेक शक्यतांमधून एक निवडणं, आणि दर बिट त्या शक्यता निम्म्यावर आणतो.

पण हाताला लॉग टेबल कोणी शिकवलं? हा प्रश्न मला सूत्रापेक्षाही प्रिय आहे. १८९९ मध्ये रॉबर्ट वुडवर्थ या मानसशास्त्रज्ञाने लोकांना मेट्रोनोमच्या (ठरावीक लयीत ठोके देणाऱ्या यंत्राच्या) तालावर ठरावीक लांबीच्या रेघा मारायला लावल्या, एकदा डोळे उघडे ठेवून, एकदा मिटून. संथ तालावर उघड्या डोळ्यांचा मोठा फायदा दिसला. ताल द्रुत होत गेला तसा तो फायदा नाहीसा झाला, चुका दोन्हीकडे सारख्याच. यावरून त्याने ताडलं की हालचालीचे दोन भाग असतात: आधी एक आंधळी झेप, मग डोळ्यांनी बघून केलेली दुरुस्ती. बघायलाच वेळ मिळाला नाही, तर दुरुस्ती होणार कशी?

आता समजा, पहिली झेप अंतराचे दहापैकी नऊ भाग कापते. उरलेल्या एका भागाचे परत दहा तुकडे करा, दुसरी झेप त्यातले नऊ कापते. अंतर दहापट केलं तरी एकच जादा झेप पुरते. वेळ झेपांच्या संख्येवर ठरतो, आणि झेपांची संख्या अंतराच्या लॉगवर. १९६३ मध्ये क्रॉसमन आणि गुडीव्ह यांनी हाच युक्तिवाद मांडला. नंतर हालचालींचं बारीक चित्रण करता आलं तेव्हा दिसलं की खरा हात इतका नेमस्त नसतो. दुरुस्त्या बहुधा एक किंवा दोनच होतात, आणि झेप जितकी जोरात, तितकी ती कुठे पडेल याची अनिश्चितता जास्त. जोर आणि नेम यांच्यात मेंदू दरवेळी सौदा करतो. त्या सौद्याचं गणित केलं तरी आलेख जवळपास तसाच वळतो.

यातल्या बहुतेक दुरुस्त्या आपल्याला जाणवतच नाहीत. प्लँचेटच्या वाटीचं रहस्य एवढंच आहे. वाटीवर बोट ठेवलेल्या प्रत्येकाला वाटतं, मी ढकलत नाहीये. मायकेल फॅरडे याने १८५३ मध्ये, लंडनमध्ये ‘आत्म्यांनी’ टेबलं फिरवण्याचं खूळ जोरात असताना, टेबल आणि हात यांच्यामध्ये सरकणारे पुठ्ठ्यांचे थर ठेवून दाखवलं होतं की आधी हात सरकतो, टेबल मागून येतं. तेव्हा आजोबांचा आत्मा इंग्रजी स्पेलिंगं कशी चुकवत नाही, याचं उत्तर टेबलाभोवतीच्या मंडळींमध्ये शोधावं.

फिट्स १९६५ मध्ये वारला. त्याच्या नियमाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक तेव्हा नुकतंच जन्मलं होतं. कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डग्लस एंगलबार्टच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश याने १९६४ मध्ये लाकडी ठोकळ्याला दोन चाकं लावून पहिला माऊस बनवला होता. (माऊस स्टीव्ह जॉब्सने शोधला असं अजूनही छातीठोकपणे सांगितलं जातं. १९६४ मध्ये जॉब्स नऊ वर्षांचा होता.) माऊसबरोबर शर्यतीत पडद्यावर टेकवायचं प्रकाशपेन होतं, जॉयस्टिक होती, टेबलाखाली गुडघ्याने हलवायची एक दांडीसुद्धा होती. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत एंगलबार्टने दीड तास माऊस चालवून दाखवला, त्याची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो १९७८ चा एक रूक्ष शोधनिबंध.

झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या केंद्रात स्टुअर्ट कार्ड, तोच बिल इंग्लिश आणि बर या तिघांनी माऊस, जॉयस्टिक आणि दोन तऱ्हांच्या कळा यांची पडद्यावरचा शब्द निवडण्यात तुलना केली, तीही फिट्सच्या सूत्राने. जॉयस्टिकला दर बिटामागे सुमारे ०.२२ सेकंद लागले. माऊसला ०.१ च्या किंचित आत, म्हणजे नुसत्या हाताचा जो वेग, तोच. आडकाठी होती ती डोळा आणि हात यांच्या जोडीची, माऊसची स्वतःची काहीच नव्हती. मग त्याच हाताने चालणारं याहून फार वेगवान उपकरण सापडणं कठीण. झेरॉक्सने माऊस बाजारात आणायचं ठरवलं त्यामागे या निकालाचा मोठा वाटा होता.

या सूत्राचे परिणाम रोज आपल्या डोळ्यांसमोर असतात. १९८४ च्या मॅकिंटॉशमध्ये मेनूची पट्टी पडद्याच्या अगदी वरच्या कडेला होती, आजही आहे. कर्सर कडेपाशी अडतो, तुम्ही माऊस कितीही जोरात वर ढकला, तो पट्टीवरच राहतो. म्हणजे लक्ष्याची त्या दिशेची रुंदी जणू अनंत, दुरुस्तीची गरजच नाही. कोपऱ्यात तर दोन्ही दिशांनी हा फायदा मिळतो. विंडोज ९५ ने स्टार्टचं बटण नेमकं कोपऱ्यात आणलं आणि कडेला बारीकशी मेलेली किनार सोडली. कर्सर कोपऱ्यात भिरकावून क्लिक केलं की काहीच व्हायचं नाही, बटणासाठी थोडं मागे यावं लागायचं. दोन-चार पिक्सेलांनी अनंत रुंदी घालवली. पुढच्या आवृत्त्यांत ही चूक सुधारली.

उलट्या हेतूनेही हा नियम वापरता येतो. मोबाइलवर जाहिरात बंद करायची फुली आठवा. अंगठ्यापासून ८० मिलिमीटरवर ८ मिलिमीटरचं बटण असेल तर काठिण्यपातळी ४.३ बिट. तीच फुली २ मिलिमीटरची केली की ६.३. फरक कागदावर २ बिटांचा, म्हणजे ०.२ सेकंदाचा, आणि तेवढ्यासाठी कोणी कुरकुरणार नाही. पण बोटाच्या बाबतीत सूत्रच अपुरं पडतं. बोटाचं टोक जाड, ते लक्ष्यालाच झाकतं, आणि कितीही सावकाश टेकवलं तरी काही मिलिमीटरचा घोळ राहतो. तेव्हा इथे वेळ न जाता नेम जातो, आणि जाहिरात उघडते. ती फुली इतकी बारीक ठेवणाऱ्याला हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

नियमाची आणखी एक मर्यादा म्हणजे तो फक्त ‘पोचण्या’बद्दल बोलतो, वाटेबद्दल नाही. मेनूतून उपमेनू, त्यातून आणखी एक उपमेनू उघडताना कर्सर अरुंद पट्टीतूनच न्यावा लागतो, जरा घसरला की सगळं मिटतं. अशा बोगद्याचा नियम १९९७ मध्ये अ‍ॅको आणि झाई यांनी मांडला. लॉग तिथेही आहे, पण बोगदा म्हणजे एकामागे एक असंख्य लक्ष्यं, आणि त्यांची बेरीज (कलनशास्त्र येत असेल तर संकलन) केली की लॉग गळून पडतो. उरतं लांबी भागिले रुंदी. लांबी दुप्पट तर वेळ सरळ दुप्पट.

यावर एक सुटका १९८८ मध्येच सुचवली गेली होती: पर्याय यादीत न लावता कर्सरभोवती गोल मांडायचे. प्रत्येक पर्याय सारख्याच अंतरावर, आणि पाचर बाहेरच्या बाजूला रुंद होत जाते. प्रयोगात असा चाकासारखा मेनू यादीपेक्षा सुमारे १५ टक्के वेगवान ठरला. तरी तो फारसा रुजला नाही, कारण यादी हवी तेवढी खाली वाढवता येते आणि चाकात आठ-दहा पर्यायांपुढे गर्दी होते. आयआयटी मुंबईच्या आयडीसी विभागाने मोबाइलवर मराठी लिहिण्यासाठी केलेल्या ‘स्वरचक्र’ कळफलकात मात्र तेच चाक चपखल बसलं. ‘क’वर बोट ठेवलं की त्याच्याभोवती ‘का, कि, की’ अशी बाराखडी उमलते, आणि बोट त्या दिशेला सरकवलं की झालं. बाराखडीत आणखी पर्याय कोणी वाढवणार नाही, आणि ‘की’ जिथे आहे तिथेच ‘खी’ आणि ‘गी’ही येतात, त्यामुळे काही दिवसांनी नजर चाकाकडे न नेताही बोट सरकतं.