टँकचा फॅन की चिलर? दोघांत गल्लत करू नका

उन्हाळा लागला की आपण दुकानात जाऊन म्हणतो माशांच्या टँकसाठी कूलर द्या, मग कोणी काचेला क्लिपने लावायचा छोटा फॅन हातात देतं तर कोणी चिलरचा भाव सांगतं. पाणी दोन्हीने गार होतं, पण रीत एकदम वेगळी, आणि ती न कळल्यामुळे मासे हकनाक जातात याचं मला फार वाईट वाटतं.

फॅन म्हणजे आपला माठ. तो फक्त पाण्यावर वारा मारतो, पाणी वाफ होऊन उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. १ लिटर पाणी उडताना साधारण ५८० किलोकॅलरी नेतं, म्हणजे १०० लिटरचा टँक हिशोबाने ५-६ अंश उतरायला हवा, पण खोलीची गरमी, लाइट, मोटर हे सगळे परत उष्णता घालतच असतात त्यामुळे हाती लागतात २ ते ४ अंश. तेही हवा कोरडी असेल तर. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात फॅन मस्त काम करतो, मुंबई-रत्नागिरीत हवाच दमट, तिथे पाणी उडणार कसं? (वाळ्याचा कूलर कोकणात चालत नाही, त्याचंही कारण हेच.)

चिलर म्हणजे छोटा फ्रीजच. कॉम्प्रेसर, गॅस, सगळं तसंच, पंपाने पाणी आत जातं आणि गार होऊन परत येतं, २४ लावलं की २४ ला आल्यावर आपोआप बंद, हवा दमट असो की कोरडी त्याला फरक पडत नाही. फक्त पाण्यातून काढलेली गरमी तो खोलीतच फेकतो, म्हणून बंद कपाटात ठेवू नका. किंमत आणि लाइटबिल दोन्ही फॅनच्या कितीतरी पट.

फॅनला मात्र कुठे थांबायचं ते कळत नाही, पहाटे हवा गार झाली तरी फिरतच राहतो, त्यामुळे त्याला थर्मोस्टॅट (तापमान बघून चालू-बंद करणारं यंत्र) जोडाच. अजून एक, उडतं ते नुसतं पाणी, क्षार मागेच राहतात, आणि आपण वरून बोअरचं पाणी भरत गेलो की टँकचं पाणी हळूहळू जड, म्हणजे जास्त क्षारांचं, होत जातं. उडालेल्याची भरपाई आरओच्या पाण्याने करा. झाकण उघडं राहणार म्हणून वर जाळी टाका, बेट्टा मासा हमखास उडी मारतो.

गप्पी, मॉली, बेट्टा असतील तर फॅन पुरे. क्रिस्टल रेड श्रिम्प (छोटी शोभेची कोळंबी) किंवा कोरलचा (प्रवाळाचा) टँक, तोही किनारपट्टीवर, तर चिलरच घ्या, तिथे काटकसर नको. गोल्डफिशला फॅनसोबत एअर पंपही लागतो कारण २० अंशाला पाण्यात लिटरमागे ९ मिलीग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० ला साडेसातच. मासे वर येऊन तोंड उघडत असतील तर बर्फ टाकू नका, आधी हवा वाढवा, तापमान हळूहळू उतरू द्या.