टिनाच्या झोपडीत माणूस भाजतो कशानं?

मोर्शीजवळ माझ्या मित्राची संत्र्याची बाग आहे. रानडुकरं आणि रोही (नीलगायी) राखायला तिथं जागलीची टिनाची झोपडी आहे. रात्र कशीही निघते. पण मे महिन्यात लाइन दुपारी आली की मोटारीसाठी गड्याला त्याच टिनाखाली बसावं लागतं. यंदा नव्या झोपडीसाठी मित्रानं भंगारातून मोडलेल्या शीतगृहाचे पफ पॅनल आणले. एकीकडे पांढरा रंग दिलेला पत्रा, दुसरीकडे कोरा जस्ती पत्रा, मधे दोन इंच पिवळा फोम.

"चमकते बाजू वरतं ठेवली का ऊन वापस जाते नं भाऊ," तो म्हणाला. हे अर्धंच खरं आहे.

आराखडा त्याच्या पोरानं मोबाइलवर शोधला होता. विनय गुप्ता यांनी 2002 साली काढलेला हा 'हेक्सायर्ट', म्हणजे षटकोनी निवारा. अमेरिकेत नेवाडाच्या ब्लॅक रॉक वाळवंटात बर्निंग मॅन नावाचा मेळा भरतो, तिथं लोक फोमच्या पाट्या रुंद चिकटपट्टीनं जोडून असे निवारे उभे करतात. आठ बाय चार फुटांच्या 12 पाट्या लागतात. सहा आडव्या उभारल्या की षटकोनी भिंत झाली. उरलेल्या सहा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरप्या कापायच्या आणि दोन-दोन तुकडे आठ फुटी बाजूनं जोडून छपराचे सहा त्रिकोण करायचे. त्रिकोणाची उंची 8 फूट, भिंतीपासून मध्यापर्यंत अंतर 6.93 फूट. पायथागोरस लावा, छप्पर बरोबर 4 फूट वर चढतं. आत 166 चौरस फूट जागा मिळते आणि एक तुकडाही वाया जात नाही. हिशेबाच्या वहीत सुद्धा इतकं नीट जमत नाही!

आता उन्हाकडे वळू. टिनाखाली हवा गरम असते म्हणून जीव घाबरा होतो, असं सगळे म्हणतात. पण बाहेर निंबाच्या सावलीतली हवाही 45 अंशांचीच असते आणि तिथं माणूस तग धरतो. फरक डोक्यावरच्या पत्र्याचा आहे. गंजका पत्रा दुपारी 70 अंशांपर्यंत तापतो. तापलेली प्रत्येक वस्तू डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश फेकत असते, आणि त्याचं प्रमाण केल्व्हिनमधल्या तापमानाच्या चौथ्या घातानं वाढतं. 70 अंश म्हणजे 343 केल्व्हिन. स्टेफान-बोल्ट्झमनचं सूत्र लावलं तर दर चौरस मीटरला सुमारे 785 वॅट येतात. 35 अंशांची आपली त्वचा 510 वॅट परत फेकते. पत्रा पूर्ण काळा नसतो, म्हणून थोडं कमी धरा. तरीही छताकडे तोंड करून असलेल्या अंगावर दर चौरस मीटरला सव्वादोनशे-अडीचशे वॅट पडतच राहतात. शांत बसलेला माणूस स्वतः 100 वॅटच्या आसपास उष्णता टाकत असतो, ती वेगळीच. थोडक्यात, गडी शेकोटीखाली बसलेला असतो, फक्त तिला ज्वाळा नसते.

मग चमकता पत्रा? धातू प्रकाश परत फेकतो हे खरं. पण जी वस्तू ज्या तरंगलांबीचा प्रकाश शोषण्यात कंजूष, ती तोच प्रकाश सोडण्यातही कंजूष, हा किर्खोफचा नियम. जस्ती पत्रा उन्हाचा बराच भाग शोषतो, आणि आलेली उष्णता अवरक्त रूपानं सोडायची वेळ आली की मूठ आवळतो. म्हणून तो तापत जातो. पांढऱ्या रंगाची किंवा चुन्याची गंमत वेगळी. सूर्याचा प्रकाश अर्धा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या आसपास जास्तीत जास्त असतो, तिथं चुना पांढरा. तापलेल्या छपराचं उत्सर्जन आठ-नऊ मायक्रॉनला, तिथं तोच चुना जवळजवळ काळा! ऊन आत घेत नाही आणि आतली उष्णता धरून ठेवत नाही. आम्ही दोन टिनाचे तुकडे उन्हात ठेवले, एकाला चुना फासला. कोऱ्यावर बोट टेकवेना, चुन्याच्या तुकड्यावर हात ठेवता आला. मित्रानं मुकाट्यानं पॅनल उलटे केले.

फोमचं काम त्यानंतरचं. पोलादाच्या तुलनेत तो उष्णतेचा जेमतेम दोन हजारावा भाग वाहतो. दोन इंचांतून 20 अंशांच्या फरकाला चौरस मीटरमागे जेमतेम 10 वॅट आत येतात. मात्र फोम 'एसीसारखा गारवा देतो' हे विकणाऱ्याचं बोलणं. तो फक्त अडवतो. गारवा हवा असेल तर दाराला वाळ्याचा ओला पडदा लावा, मेमधली आपली कोरडी हवा त्यालाच साजेशी आहे.

याच दिवसांत 'नवतपात (मेअखेरच्या नऊ तापत्या दिवसांत) सूर्य पृथ्वीच्या जवळ येतो' हा निरोप फिरतो. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, 14.7 कोटी किलोमीटरवर, म्हणजे आपण स्वेटर घालतो तेव्हा. जुलैच्या सुरुवातीला ती सर्वांत दूर, 15.2 कोटींवर असते. मेचा ताप डोक्यावर आलेल्या सूर्याचा आणि निरभ्र आभाळाचा.

नेवाडाचा आराखडा इथं जसाच्या तसा चालत नाही. तिथं पाऊस नसल्यासारखाच, म्हणून चिकटपट्टी पुरते. इथं मृगाचं पाणी कापलेल्या कडेतून फोममध्ये शिरलं की पॅनल कामातून गेला. मित्रानं कडांना पत्र्याची पट्टी रिव्हेट मारून बसवली आणि सांधे सिलिकॉननं भरले. ग्राइंडर लावू दिला नाही, कारण ठिणगीनं फोम पेटतो आणि त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडसोबत हायड्रोजन सायनाइडही असतो. तेव्हा चूल बाहेर, बिडीही बाहेर.

रात्री मात्र गडी आत झोपत नाही. वाळवंटातली रात्र गार असते, आपली 30 अंशांची. बंद खोलीत माणसाचीच उष्णता साठते. त्याची बाज झोपडीच्या पूर्वेला, उघड्या आभाळाखाली असते.