ओर्व्हिएतोचा कडा, विहीर आणि सरकता जिना

रोमहून फ्लोरेन्सकडे जाणाऱ्या गाडीने साधारण सव्वा तासात ओर्व्हिएतो येतं. स्टेशनबाहेर पडल्यावर आधी नजरेत भरतो तो उभा तासलेला, पिवळट-तपकिरी कडा. घरं दिसतात ती त्याच्या अगदी माथ्यावर. समोरच्या फ्युनिक्युलरमध्ये, म्हणजे उभ्या चढावर दोराने ओढल्या जाणाऱ्या गाडीत, बसायचं, काही मिनिटांत वर पोचायचं, कॅथेड्रल, जेवण, एक खोल विहीर, जमलं तर भुयारं, आणि संध्याकाळच्या गाडीने परत रोम. उंब्रिया प्रांतातल्या या गावाचं पर्यटन असं एका दिवसात उरकतं, आणि त्यात गैर काही नाही, गाव तेवढंच आहे. मात्र तिकीट काढून इथे जे पाहायचं, त्यातलं कॅथेड्रल सोडलं तर फारसं काही पाहण्यासाठी बांधलेलं नाही. काही पाण्याच्या काळजीतून आलं, काही कडा ढासळेल या धास्तीतून.

सगळ्याचं मूळ खडकात आहे. नैर्ऋत्येला बोल्सेना तळ्याच्या परिसरात जुने ज्वालामुखी आहेत. सुमारे 3 लाख वर्षांपूर्वी त्यांची राख आणि ढिगारा इथवर येऊन थिजला आणि टफ नावाचा खडक तयार झाला. कोकणातल्या जांभ्यासारखा तोही हत्याराने सहज कापता येतो. घर बांधायचं तर पायाखालीच खणायचं, निघालेल्या चिऱ्यांची भिंत रचायची आणि पडलेल्या खड्ड्याचं तळघर करायचं. या टफखाली चिकणमाती आहे, पूर्वीच्या समुद्रतळाची. पावसाचं पाणी टफमधून झिरपतं आणि मातीवर येऊन अडतं, त्यामुळे झरे फुटतात ते कड्याच्या पायथ्याशी. दीड किलोमीटर लांबीच्या माथ्यावर मात्र पाण्याचा टिपूस नाही. शत्रूला वर चढता येत नाही, तसं पाण्यालाही नाही.

पहिली वस्ती एट्रुस्कन लोकांची, रोम मोठं होण्याआधी मध्य इटलीवर ज्यांचा वरचष्मा होता त्यांची. त्यांचं वेल्झना शहर ते हेच, असं आज बहुतेक अभ्यासक मानतात. कड्याच्या उत्तर पायथ्याला क्रोचिफिस्सो देल तूफो नावाची त्यांची दफनभूमी आहे, मुख्यतः इसवीसनपूर्व 6व्या शतकातली. एका दिवसात परतणारे पर्यटक तिकडे फारसे वळत नाहीत, ते वळायला हवेत. टफच्या मोठाल्या चिऱ्यांच्या कबरी चाळीतल्या खोल्यांसारख्या ओळीने उभ्या आहेत, मधून सरळ गल्ल्या जातात, आणि प्रत्येक दाराच्या माथ्यावरच्या दगडात धन्याचं नाव कोरलेलं आहे. लिपी उजवीकडून डावीकडे जाते. दारं जवळपास एकाच मापाची आहेत, त्यामुळे कोण मोठा आणि कोण धाकटा हे बाहेरून कळत नाही.

इसवीसनपूर्व 264मध्ये रोमनांनी हे शहर उद्ध्वस्त केलं. जुन्या धनिक घराण्यांच्या हातून सत्ता गेली होती, त्यांनी मदतीला रोमला बोलावलं आणि रोमने सगळंच गिळलं. इथून ब्राँझचे 2000 पुतळे लुटून नेले, पुतळ्यांच्या लोभानेच ही स्वारी झाली, असा एका ग्रीक लेखकाचा टोमणा रोमन लेखक प्लिनीने नोंदवून ठेवला आहे. उरलेल्या लोकांना बोल्सेना तळ्याकाठी नेऊन वसवलं आणि माथा ओस पडला. पुढे मध्ययुगात वस्ती पुन्हा वर चढली, ती तळावरच्या धामधुमीपासून जीव वाचवायला.

त्या पहिल्या वस्तीच्या विहिरी अजून आहेत. माणूस जेमतेम मावेल असा चौकोनी, सरळ खाली जाणारा खड्डा, आणि समोरासमोरच्या दोन भिंतींत पाय रोवायला कोरलेल्या खोबण्या. खणणारा याच खोबण्यांवर पाय ठेवून उतरायचा आणि चढायचा. भुयारं दाखवणारे वाटाडे त्यात टॉर्चचा झोत सोडतात, आणि तळ काही दिसत नाही. 13व्या शतकात नगरपालिकेने दूरच्या पठारावरून नळाने पाणी आणायची योजना केली. उताराच्या दाबाने दरी ओलांडून कड्यावर पाणी चढवायचं, म्हणजे त्या काळात मोठीच हिंमत. पण अशा नळांची निगा सतत ठेवावी लागते, आणि ते शहराबाहेरून येत असल्याने वेढा पडला की शत्रूच्या हातात.

म्हणून ती प्रसिद्ध विहीर. फ्युनिक्युलरच्या वरच्या स्थानकातून बाहेर आलं की ती दोन पावलांवर आहे, शेजारी कार्डिनल आल्बोर्नोझने 1364मध्ये सुरू केलेल्या गढीचे अवशेष आणि बाग. मे 1527मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सच्या पगार थकलेल्या सैन्याने रोम लुटलं. पोप सातवा क्लेमेंट कास्तेल सांतांजेलोच्या किल्ल्यात अडकून पडला आणि डिसेंबरमध्ये वेश पालटून ओर्व्हिएतोला पळून आला. पोपच्या दरबाराची इथे काय कळा होती, ते इंग्लंडच्या राजदूतांच्या पत्रातून कळतं. आठव्या हेन्रीला राणीपासून काडीमोड हवा होता, त्या कामासाठी स्टीफन गार्डिनर आणि एडवर्ड फॉक्स 1528च्या वसंतात इथवर आले. दालनं उघडीबोडकी, छतं कोसळलेली, आणि पोपच्या निजखोलीतलं सामान पलंगासकट वीस नोबल नाण्यांच्याही किमतीचं नाही, असं त्यांनी कळवलं. युरोपचा इतिहास फिरवणारी रदबदली असल्या खोलीत चालली होती. काडीमोड मिळाला नाही तो नाहीच.

पोपला चिंता होती ती वेगळी. सम्राटाचं सैन्य इथेही येऊन बसलं तर पाणी किती दिवस पुरणार? त्याने आंतोनिओ दा सांगाल्लो या वास्तुकाराला विहिरीचं काम दिलं. मोठा प्रश्न होता पाणी वर कसं आणायचं. 53 मीटर खोलीवरून दोराने शेंदून शहर जगत नाही, त्यासाठी खेचरं हवीत. आणि अरुंद जिन्यावर भरलेली आणि रिकामी खेचरं समोरासमोर आली की सगळंच ठप्प.

सांगाल्लोने दोन जिने केले. 13 मीटर रुंदीचा गोल हौदा खणला आणि त्याभोवती दोन सर्पिल वाटा एकावर एक अशा गुंफल्या की त्या एकमेकींना कुठेच छेदत नाहीत. दारंही दोन, बरोबर समोरासमोर. रिकामं खेचर एका दाराने शिरायचं, तळाशी छोट्या पुलावरून पलीकडे जायचं, भरलेल्या पखाली घेऊन दुसऱ्या वाटेने दुसऱ्या दारातून बाहेर पडायचं. 248 पायऱ्या आहेत, पण खेचराच्या पावलाला जमतील अशा रुंद आणि बुटक्या. हौद्याकडे उघडणाऱ्या 70 खिडक्यांतून वरचा उजेड जिन्यात येतो आणि खाली जावं तसा मंदावत जातो. पलीकडच्या खिडकीत माणसं दिसतात, त्यांचं बोलणं ऐकू येतं, पण ती उतरताहेत की चढताहेत ते पटकन कळत नाही. वरचा भाग टफमध्येच कोरलेला आहे. चिकणमाती लागते तिथून विटांचं बांधकाम सुरू होतं. उतरताना भिंतीकडे लक्ष ठेवलं तर शहराचा भूगोल तिथेच उलगडतो.

काम संपलं 1537मध्ये, पोप तिसऱ्या पॉलच्या काळात. क्लेमेंट 1534मध्येच वारला होता, आणि ज्या सम्राटाच्या भीतीने विहीर काढली, त्याच्याच मस्तकावर त्याने 1530मध्ये बोलोन्यात मुकुट ठेवला होता. म्हणजे खेचरं तळाला पोचण्याआधीच वेढ्याचं कारण संपलेलं. दारावर लॅटिनमध्ये कोरलंय ते असं: निसर्गाने इथल्या संरक्षणात जी कमतरता ठेवली, ती उद्योगाने भरून काढली. संत पॅट्रिकची विहीर हे नाव नंतर चिकटलं, आयर्लंडमधल्या त्या संताच्या अथांग गुहेवरून.

कॅथेड्रलची गोष्ट पाण्याची नाही, श्रद्धेची आणि राजकारणाची आहे. 13व्या शतकात रोममध्ये पोपना स्वस्थता नव्हती, तेव्हा त्यांचा दरबार वरचेवर इथे येई. ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस 1261 ते 1265 इथे शिकवत होता. 1263मध्ये बोल्सेनाला प्रार्थना चालवताना एका शंकेखोर बोहेमियन पाद्र्याच्या हातातल्या प्रसादाच्या भाकरीतून वेदीवरच्या वस्त्रावर रक्त ठिबकलं, ते वस्त्र पोप चौथ्या अर्बनकडे ओर्व्हिएतोला आणलं, आणि त्याने 1264मध्ये कॉर्पस क्रिस्टीचा, म्हणजे ‘ख्रिस्ताच्या देहाचा’ सण जाहीर केला, अशी कथा वाटाडे सांगतात. सण याच गावातून जाहीर झाला हे पक्कं. पण त्या फर्मानात चमत्काराचा उल्लेखच नाही. दोन्हींची सांगड नंतरची आहे. वस्त्र आजही कॅथेड्रलमध्ये आहे आणि सणाच्या मिरवणुकीत बाहेर निघतं.

पायाभरणी 1290मध्ये पोप चौथ्या निकोलसच्या हस्ते झाली. 1310मध्ये सिएनाहून लोरेन्झो माइतानीला बोलावून काम सोपवलं, आणि दर्शनी भाग मुळात त्याच्या आराखड्याचा. फोटोत लखलखतात ती मोझेइक चित्रं, पण ती शतकानुशतकं बदलली गेली आहेत, आजची बहुतेक बरीच अलीकडची. खरं जुनं काम डोळ्यांच्या उंचीवर आहे, चार खांबांवरच्या संगमरवरी शिल्पपटांत. डावीकडे सृष्टीची उत्पत्ती: आदम झोपलाय आणि देव त्याची कूस उघडून फासळी काढतोय. उजव्या टोकाला शेवटचा निवाडा, तळाशी नरकात ओढली जाणारी माणसं, तोंडं वासलेली. ऊन कलल्यावर सावल्या पडतात तेव्हा ते पाहावं.

आतल्या सान ब्रित्झिओ चॅपेलसाठी वेगळं तिकीट लागलं तरी काढावं. चित्रकार फ्रा आंजेलिकोने 1447च्या उन्हाळ्यात छताचा थोडा भाग रंगवला आणि तो गेला, परत आला नाही. अर्धशतकभर काम तसंच लोंबकळत राहिलं. 1499मध्ये लुका सिन्योरेल्लीशी करार झाला, रोख रकमेशिवाय धान्य आणि वाइनही ठरली, आणि 1504पर्यंत भिंतींवर जगाचा अंत उभा राहिला. जमिनीतून वर येणारे सांगाडे, त्यांच्यावर चढत जाणारं मांस, आणि ख्रिस्ताचा मुखवटा घेतलेला ख्रिस्तद्रोही, ज्याच्या कानात सैतान कुजबुजतोय. एका कोपऱ्यात काळ्या झग्यात सिन्योरेल्ली स्वतः उभा आहे, शेजारी फ्रा आंजेलिको. मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइडने ही चित्रं पाहिली होती. पुढे 1898मध्ये प्रवासात कुणाला तरी त्यांच्याविषयी सांगताना त्याला चित्रकाराचं नावच आठवेना. बोत्तिचेल्ली आठवे, बोल्त्राफ्फिओ आठवे, सिन्योरेल्ली नाही. विस्मरणावरचा त्याचा लेख यातूनच निघाला.

1897मध्ये कॅथेड्रलचं ‘मूळ रूप’ परत आणण्याच्या नादात प्रेषितांचे मोठे पुतळे आणि फ्रांचेस्को मोकीने घडवलेली देवदूत-मेरीची जोडी बाहेर काढली होती. नंतरच्या काळातलं म्हणून ते गॉथिक मंदिरात नको, असा तर्क. मूळ रूप कुठल्या वर्षाचं धरायचं, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नसावा. पुतळे परत जागेवर आले ते 2019मध्ये.

आता फ्युनिक्युलरकडे. ती 1888ची. स्टेशन कड्याखाली आल्यावर माणसांना वर न्यायची सोय हवी होती. सुरुवातीला ती पाण्याच्या वजनावर चाले: वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरलं की तो खाली उतरे आणि दुसऱ्याला वर ओढी. 1970मध्ये ती बंद पडली, मोटारींच्या काळात कुणाला तिची गरज वाटली नाही. 1990मध्ये विजेवर पुन्हा चालू झाली, आणि मधल्या वीस वर्षांत आजचं ओर्व्हिएतो घडलं.

1970च्या दशकाच्या अखेरीला कड्याचे तुकडे सुटू लागले. शतकानुशतकं वर पाणी बेताचंच होतं. मग पाणी आलं, नळ आले, मोऱ्या आल्या, त्या जुन्या होऊन गळू लागल्या. झिरपलेल्या पाण्याने टफच्या भेगा रुंदावल्या, खालची माती भिजून सरकू लागली. 1978मध्ये इटलीच्या संसदेने ओर्व्हिएतो आणि तोदी या दोन गावांसाठी खास कायदा केला, 1987मध्ये आणखी एक. आणलेलं पाणी आता खडकाबाहेर काढायचं होतं: मोऱ्या आणि जलवाहिन्या नव्याने टाकल्या, कडा धरून ठेवायला त्यात लोखंडी सळया ठोकल्या, उतारावरचं पाणी वळवलं. कड्यावरचा भार आणि हादरे कमी करायचे तर मोटारीही कमी करायला हव्या होत्या. म्हणून फ्युनिक्युलर पुन्हा सुरू केली, पश्चिमेला पायथ्याशी वाहनतळ केला, आणि तिथून खडकाच्या पोटातून सरकते जिने आणि लिफ्ट वर नेल्या. पर्यटकाला ही सोय आपल्यासाठी वाटते. मुळात ती कड्यासाठी आहे.

भुयारांची पाहणीही याच धास्तीतून झाली. खाली किती पोकळ आहे हे मोजल्याशिवाय वरचं सावरणं अशक्य होतं. 1200हून जास्त पोकळ्या सापडल्या: तेलाचे घाणे, वाइनची थंड तळघरं, विहिरी, भट्ट्या, सिमेंटसारखी वापरायची ज्वालामुखी राख काढायच्या खाणी. आणि कबुतरखाने, भिंतभर ओळीने कोरलेली वीतभर चौकोनी कोनाडी, कड्याकडे एक खिडकी. कबुतरं दाणा-पाणी बाहेर जाऊन स्वतः शोधतात आणि रात्री घरी येतात. वेढ्यातल्या शहराला याहून सोयीचं मांस नाही. कबुतर आजही इथल्या ताटात मिळतं.

वाटाड्याबरोबर उतरून पाहता येतात त्या या 1200पैकी मोजक्याच. बाकीच्या बहुतेक खासगी मालकीच्या, कुणाच्या ना कुणाच्या घराखाली आहेत, आणि तिथे वाइनच्या बाटल्या नाहीतर अडगळ ठेवलेली असते.