सभासद-मालकी (कोल्हापूर जिल्हा)

सभासद-मालकी : एखादा व्यवसाय, पाणीयोजना किंवा सेवा ज्यांच्या गरजेतून उभी राहिली, त्याच लोकांनी भाग घेऊन ती आपल्या मालकीची ठेवण्याची आणि निवडून दिलेल्या संचालकांमार्फत चालवण्याची पद्धत. कोल्हापूर जिल्ह्यात साखर, दूध, सूत, पतपुरवठा, शेतीमालाची खरेदी-विक्री आणि नदीवरून होणारे उपसा सिंचन या क्षेत्रांत ती खोलवर रुजली आहे. वीज आणि दूरसंचार यांत तिचा शिरकाव मर्यादित राहिला.

उगम : या पद्धतीच्या उगमाबद्दल तीन मते आढळतात. पहिल्या मतानुसार तिचे मूळ सावड, इर्जिक यांसारख्या परस्परसाहाय्याच्या ग्रामप्रथांत आहे. पेरणी-मळणीला शेजाऱ्यांनी बैल आणि माणूसबळ एकत्र आणायचे, हा रिवाज या भागात होताच. मात्र त्या प्रथांत भांडवल साठत नव्हते, हिशेबवही नव्हती आणि बाहेरच्या बाजाराशी व्यवहारही नव्हता. त्यामुळे या प्रथांनी परस्परांवरचा विश्वास पुरवला असे म्हणता येते. संस्थेचा घाट तेथून आला असे म्हणणे अवघड आहे.

दुसरे मत सहकाराचे श्रेय कोल्हापूर दरबाराला देते. ब्रिटिश हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा कायदा 1904 मध्ये झाला आणि त्याखाली 1905 मध्ये तेव्हाच्या धारवाड जिल्ह्यातील कणगिनहाळ येथे पहिली संस्था नोंदली गेली. कोल्हापूर हे संस्थान असल्याने तो कायदा येथे आपोआप लागू झाला नाही. शाहू छत्रपतींच्या कारकीर्दीत (1894–1922) संस्थानाने 1912 च्या सुमारास स्वतंत्र सहकारी कायदा केला. 1913 मध्ये कोल्हापूर अर्बन बँक निघाली. गुळासाठी शाहूपुरीची व्यापारपेठ वसवणे, शाहू मिलची उभारणी आणि भोगावतीवरील राधानगरी धरणाचा प्रारंभ ही कामेही याच कारकीर्दीतली. राजाराम महाराजांच्या काळात, 1939 मध्ये, तात्यासाहेब मोहिते यांच्या पुढाकाराने शेतकरी सहकारी संघ स्थापन झाला. खत, बियाणे आणि अवजारे शेतकऱ्याच्या स्वतःच्या दुकानातून मिळण्याची सोय जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर झाली ती या संघामुळे.

तिसरे मत 1 मार्च 1949 रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाल्यानंतरच्या घडामोडींवर भर देते. अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी समितीने 1954 च्या अहवालात सहकारी संस्थांत सरकारने भागीदार व्हावे अशी शिफारस केली. त्यानंतर साखर कारखान्यांना सरकारी भागभांडवल आणि वित्तसंस्थांची दीर्घ मुदतीची कर्जे मिळू लागली. समाजशास्त्रज्ञांचा एक गट याला वेगळी जोड देतो. कारखाना पूर्ण क्षमतेने चालायचा तर बड्या बागायतदारांचा ऊस पुरत नाही, लहान शेतकऱ्याचाही लागतो. त्यामुळे लहान-मोठ्यांना एकाच संस्थेत राहणे भाग पडले, असे हे विवेचन आहे. कोल्हापूरपुरते पाहिले तर दरबाराने पेठ, पाणी आणि कायदा यांची जमीन तयार केली, पण हजारो शेतकऱ्यांनी मालक होण्याची पद्धत 1950 नंतरच आकाराला आली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. दरबाराच्या काळातील मोठे उद्योग दरबाराच्या किंवा खासगी भांडवलावर उभे होते. कसबा बावड्याचा जुना साखर कारखाना 1980 च्या दशकात सभासदांच्या हाती येऊन छत्रपती राजाराम सहकारी साखर कारखाना झाला, तोही याच क्रमाला धरून.

पाणी : जिल्ह्यातील सभासद-मालकीचा पाया पाणी आहे, आणि अभ्यासकांनी त्याकडे साखरेच्या मानाने फार कमी लक्ष दिले आहे. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणजे नदीच्या पात्रात ठरावीक अंतरावर उभे केलेले दगडी खांब. खांबांना खाचा असतात. पावसाळा सरला की खाचांत फळ्या, म्हणजे बरगे, एकावर एक सरकवतात. बरग्यांच्या दोन रांगा असतात; त्यांच्या मधल्या पोकळीत माती दाबून गळती थांबवली जाते. पुढचा पावसाळा तोंडावर आला की बरगे काढून काठावर रचून ठेवतात, त्यामुळे पुराचे पाणी आणि गाळ अडत नाही. बरगे वेळेत निघाले नाहीत तर पुराचा फुगवटा वाढतो. वेळेत बसले नाहीत तर पुढचे आवर्तन हुकते. म्हणून या कामाकडे काठावरच्या गावांचे बारीक लक्ष असते.

अडवलेले पाणी शेतात चढवणे हे सहकारी पाणीपुरवठा संस्थांचे काम. नदीकाठी जॅकवेल, म्हणजे नदीचे पाणी घेणारी विहीर, त्यात पंप, तेथून चढावर जाणारी मोठी जलवाहिनी आणि माथ्यावरचा वितरण हौद अशी तिची रचना असते. सभासद आपल्या क्षेत्राच्या प्रमाणात भाग घेतो, कर्जापोटी जमीन तारण देतो आणि एकरी पाणीपट्टी भरतो. पाटकरी, म्हणजे पाणी सोडणारा माणूस, पाळी लावतो. पाळीचा क्रम, रात्रीची वीज आणि शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला मिळणारा प्रवाह या तीन गोष्टींवरून वाद होतात आणि ते बहुधा गावातच मिटतात. संस्थेच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा वीजबिलाचा असल्याने वीजदराचा प्रश्न येथे थेट पाण्याचा प्रश्न ठरतो. ज्येष्ठ नेते एन. डी. पाटील यांनी इरिगेशन फेडरेशन या पाणी वापरणाऱ्यांच्या संघटनेच्या माध्यमातून तो दीर्घकाळ लावून धरला.

साखर आणि दूध : कुंभी-कासारी, भोगावती, दूधगंगा-वेदगंगा, पंचगंगा, वारणा ही कारखान्यांची नावे नद्यांवरून पडली आहेत. कार्यक्षेत्रही साधारण त्या खोऱ्यांना धरून आहे. पंचगंगा कारखान्यामागे रत्नाप्पाण्णा कुंभार, वारणेमागे तात्यासाहेब कोरे, भोगावतीमागे दादासाहेब पाटील-कौलवकर यांचे नेतृत्व होते. या इतिहासावर विपुल लेखन असल्याने येथे विस्तार केलेला नाही.

कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ (गोकुळ) 1963 मध्ये स्थापन झाला. त्याची रचना दोन पायऱ्यांची आहे : उत्पादक गावच्या दूध संस्थेचा सभासद, आणि ती संस्था संघाची सभासद. सकाळ-संध्याकाळ संस्थेत दुधाचे फॅट (स्निग्धांश) आणि एसएनएफ (स्निग्धांशाव्यतिरिक्तचे घन घटक) तपासून नोंद होते, दहा दिवसांनी बिल निघते, दिवाळीला दरातील फरक मिळतो. जमीन नसलेले, पण दारात एखादी म्हैस असलेले कुटुंबही येथे सभासद होऊ शकते. कारखान्याचे सभासदत्व उसाच्या क्षेत्राशी बांधलेले असते आणि हंगामात मराठवाड्यातून येणारा ऊसतोड मजूर तर पूर्णपणे त्याबाहेर राहतो. सभासद-मालकीला लोकमालकी म्हणताना हे अंतर नजरेआड करता येत नाही.

नियंत्रणाच्या दृष्टीने मतदानाची पद्धत महत्त्वाची आहे. कारखान्यात एक सभासद, एक मत. गोकुळमध्ये मात्र प्रत्येक संस्था ठराव करून एका व्यक्तीचे नाव देते आणि तो ठरावधारक मत देतो. लाखो उत्पादकांच्या संघाचा कारभार अशा सुमारे साडेतीन हजार मतांवर ठरतो, त्यामुळे गावच्या संस्थेत ठराव कोणाच्या नावे होतो याला विलक्षण वजन येते. 2018 च्या सर्वसाधारण सभेत संघाला बहुराज्यीय दर्जा देण्याचा विषय आला. तसे झाल्यास संघ राज्याच्या सहकार कायद्यातून निघून केंद्राच्या 2002 च्या कायद्याखाली गेला असता. ‘मंजूर’ आणि ‘नामंजूर’च्या घोषणांत ती सभा गाजली, विरोध जिल्हाभर पसरला आणि 2019 मध्ये संचालक मंडळाने प्रस्ताव मागे घेतला. संघ कोणत्या कायद्याखाली नोंदलेला असावा, या वरवर तांत्रिक प्रश्नावर दूध उत्पादक रस्त्यावर उतरले, ही सहकाराच्या इतिहासात मोलाची घटना आहे. 2021 च्या निवडणुकीत संघात सत्तांतर झाले.

मालकी टिकली नाही अशीही उदाहरणे आहेत. पन्हाळा तालुक्यातील आसुर्ले-पोर्ले येथील दत्त कारखाना खासगी उद्योगाकडे गेला; चंदगड तालुक्यातील दौलत कारखाना भाडेतत्त्वावर द्यावा लागला. दोन्ही ठिकाणी कारण थकलेल्या कर्जाचे होते.

वीज : वीजवितरणाची सहकारी संस्था कोल्हापूर जिल्ह्यात झाली नाही. राज्यातील असा मोठा प्रयोग म्हणजे अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील मुळा-प्रवरा संस्था. 1969 पासून चाललेल्या या संस्थेचे क्षेत्र 2011 मध्ये महावितरणकडे गेले. मुळा-प्रवराच्याच काळात स्थापन झालेली, शेजारच्या कर्नाटकातील हुक्केरी ग्रामीण वीज सहकारी संस्था मात्र अद्याप वितरण करते. हिरण्यकेशी गडहिंग्लजहून पुढे संकेश्वरकडे, म्हणजे हुक्केरी तालुक्यात उतरते. इतक्या जवळचा नमुना असूनही सीमेच्या अलीकडे तो उचलला गेला नाही.

कोल्हापुरात सभासदांचा विजेशी संबंध आला तो उसाच्या चोथ्यापासून, म्हणजे बगॅसपासून होणाऱ्या सहवीजनिर्मितीतून. कारखाना आपली गरज भागवून उरलेली वीज महावितरणला विकतो आणि दर वीज नियामक आयोग ठरवतो. येथे भांडवल कोणाचे हा प्रश्न निर्णायक ठरला. वारणेचा 44 मेगावॅटचा आणि शिरोळच्या दत्त कारखान्याचा 36 मेगावॅटचा प्रकल्प ‘ऊर्जांकुर’ नावाच्या स्वतंत्र कंपन्यांमार्फत उभे राहिले. उभारणी, मालकी आणि चालवणे ठरलेल्या मुदतीपर्यंत कंपनीकडे आणि त्यानंतर कारखान्याकडे हस्तांतर, अशी ही पद्धत होती. बगॅस सभासदांचे, प्रकल्पाची मालकी मात्र त्या मुदतीपुरती कंपनीची. कर्जाचा भार टळला, पण दर किंवा उत्पादनाविषयीचे निर्णय कारखान्याच्या सर्वसाधारण सभेच्या कक्षेत पूर्णपणे राहिले नाहीत.

संपर्कजाळे : 1998 मध्ये पंतप्रधानांच्या माहिती-तंत्रज्ञान कृतिदलाच्या पुढाकाराने ‘वारणा वायर्ड व्हिलेज’ हा प्रकल्प वारणानगर परिसरातील कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांच्या 70 गावांसाठी सुरू झाला. खर्चात केंद्राचा वाटा 50 टक्के, राज्याचा 40 टक्के आणि वारणेतील संस्थांचा 10 टक्के होता. गावांतील संगणक केंद्रे कारखान्याशी जोडली गेली. शेतमालाचे भाव आणि शासकीय माहिती गावात पोचावी असा व्यापक हेतू होता; प्रत्यक्षात केंद्रांचा मुख्य उपयोग ऊसनोंद, तोडणीची परवानगी, वजन, खत आणि बिल यांची माहिती घेण्यासाठी झाला. आपल्या उसाचे वजन कारखान्यात न जाता गावातच कळणे ही शेतकऱ्याच्या दृष्टीने मोठी गोष्ट होती. 2000 नंतरच्या दशकात मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी सात गावांत संगणकाऐवजी मोबाइलच्या लघुसंदेशावर हीच माहिती देऊन पाहिली. ही पद्धत स्वस्त आणि सोयीची ठरली आणि शेतकऱ्यांनी तिलाच पसंती दिली.