कृष्णवर्णीय इतिहास मास

(ब्लॅक हिस्टरी मंथ). आफ्रिकी वंशाच्या अमेरिकनांचा इतिहास व संस्कृती यांच्या गौरवार्थ अमेरिकेत दर फेब्रुवारीत पाळला जाणारा महिना. त्याच्या जडणघडणीत विद्यापीठांतील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा वाटा मोठा आहे.

मूळ कल्पना सप्ताहाची होती. तिचे प्रवर्तक कार्टर जी. वुडसन (१८७५–१९५०) हे गुलामगिरीतून सुटलेल्या आईवडिलांचे पुत्र. वेस्ट व्हर्जिनियातील कोळशाच्या खाणीत राबून ते विसाव्या वर्षी हायस्कुलात गेले व १९१२ मध्ये हार्व्हर्डचे पीएच.डी. झाले. १९१५ मध्ये शिकागो येथे त्यांनी कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या अभ्यासासाठी संस्था काढली. हॉवर्ड विद्यापीठात १९११ मध्ये स्थापन झालेल्या ओमेगा साय फाय या विद्यार्थी बंधुसंघाने (फ्रॅटर्निटी) वुडसन यांच्या आग्रहावरून १९२४ मध्ये असा एक सप्ताह पाळला होता. त्यामुळे वुडसन यांनी १९२६ मध्ये सुरू केलेला ‘निग्रो हिस्टरी वीक’ हा अगदी पहिला प्रयत्न म्हणता येत नाही; मात्र तो देशभर रुजवला तो वुडसन यांनीच.

फेब्रुवारीच का, याचे उत्तर राष्ट्राध्यक्ष लिंकन (१२ फेब्रुवारी) व गुलामगिरीविरोधी कृष्णवर्णीय नेते फ्रेडरिक डग्लस (१४ फेब्रुवारी) यांच्या जयंत्यांत आहे. कृष्णवर्णीय समाज त्या आधीपासूनच साजऱ्या करीत असे. यांपैकी डग्लस यांची तारीख त्यांनी स्वतः ठरवलेली आहे. ते गुलाम म्हणून जन्मले. मालकाच्या वहीत ‘फेब्रुवारी १८१८’ एवढीच नोंद सापडते, दिवस नाही. स्वतः डग्लस यांना वर्ष १८१७ वाटत असे. ज्याच्या जन्माचा दिवस टिपून ठेवण्याची कुणाला गरज वाटली नाही, त्याच्या जयंतीवर हा उत्सव उभा आहे, हे विसरता येत नाही.

सप्ताहाचा महिना कोठे झाला, याबद्दल एकमत नाही. ओहायओतील केंट स्टेट विद्यापीठात ‘ब्लॅक युनायटेड स्टुडंट्स’ ही विद्यार्थी संघटना व कृष्णवर्णीय अध्यापक यांनी फेब्रुवारी १९६९ मध्ये तसा प्रस्ताव मांडला आणि २ जानेवारी ते २८ फेब्रुवारी १९७० या काळात तो अंमलात आणला. बहुतेक ठिकाणी हाच प्रारंभ मानतात. वुडसन यांच्या संस्थेच्या इतिहासकारांनी मात्र वेस्ट व्हर्जिनियातील १९४० च्या दशकातील आणि शिकागोतील १९६० च्या दशकाच्या मध्याचे महिनाभराचे उत्सव पुढे केले आहेत. हे दाखले दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. तरीही विद्यापीठाच्या आवारातील संघटित उत्सव म्हणून केंटचा दावा अधिक ग्राह्य वाटतो. १९७६ मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी महिन्याला मान्यता दिली.

विद्यापीठांत या काळात व्याख्याने, प्रदर्शने, काव्यवाचन, सहभोजन असे कार्यक्रम होतात. ‘स्टेप’ हे समूहनृत्य बंधुसंघ व भगिनीसंघ यांनी जोपासले आहे. त्यात वाद्य लागत नाही. टाच आपटून, मांडीवर थाप मारून, टाळी देऊन ताल उभा करतात आणि त्यावर संघाच्या घोषणा म्हणतात. पदवीदानाच्या वेळी अनेक कृष्णवर्णीय स्नातक गाउनवर केंटे कापडाची पट्टी घालतात. (हा शब्द घानातील, केंट विद्यापीठाशी त्याचा संबंध नाही.) आसांते व एवे या तेथील जमातींचे विणकर अरुंद पट्टे मागावर विणून कडेला कड जोडून हे कापड तयार करतात.

ब्रिटनमध्ये १९८७ पासून हा महिना ऑक्टोबरात पाळतात. महाराष्ट्राचा या इतिहासाशी संबंध जुना आहे : जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला होता.