नेटवर्क गेल्यावर लागणारा नकाशा

भूकंप असो वा पूर, वीज आणि मोबाईलचे टॉवर पहिल्या फटक्यात जातात. नकाशा ज्या दिवशी सगळ्यात जास्त हवा, त्याच दिवशी ऑनलाइन नकाशा उघडत नाही. बचावकार्यातल्या स्वयंसेवकांना सोबत नेता येईल असं नकाशाचं सॉफ्टवेअर गेल्या चाळीस वर्षांत घडलं, ते मुख्यतः या अडचणीशी झगडत.

त्याचा एक धागा थेट भोपाळपर्यंत जातो. डिसेंबर 1984 च्या वायुगळतीनंतर अमेरिकेत 1986 साली कायदा झाला आणि कोणती घातक रसायनं साठवली आहेत, हे कारखान्यांना स्थानिक यंत्रणेला कळवणं भाग पडलं. माहितीचे गठ्ठे येऊ लागले, पण आग विझवायला निघालेल्या माणसाने ते वाचायचे कधी? त्याच सुमारास तिथल्या ‘नोआ’ या समुद्र आणि हवामानविषयक सरकारी संस्थेने ‘कॅमिओ’ नावाचं सॉफ्टवेअर आणलं, सुरुवातीला ॲपलच्या मॅकिंटॉशवर. त्यातला नकाशाचा भाग म्हणजे ‘मारप्लॉट’. गळती झालेला वायू कुठवर जाईल याचा अंदाज नकाशावर टाकायचा आणि त्या पट्ट्यात कुठल्या शाळा, कुठले दवाखाने येतात ते पाहायचं. सगळं काम संगणकातच, इंटरनेटवाचून. अमेरिकेत हे जमलं, कारण तिथल्या जनगणना विभागाचे रस्त्यांचे नकाशे कुणालाही वापरता येत होते. जगात बहुतेक ठिकाणी असे नकाशे एकतर नव्हते, नाहीतर कुलूपबंद होते.

मे 2000 मध्ये अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि साध्या हातयंत्रावरही कामापुरती अचूक जागा कळू लागली. 2004 मध्ये ब्रिटनमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी ओपनस्ट्रीटमॅप सुरू केला. कुणीही भर घालावी, कुणीही उतरवून घ्यावा, असा हा नकाशा. आपत्तीसाठी तो बनवलेला नव्हता.

12 जानेवारी 2010 रोजी हैतीत भूकंप झाला. राजधानी पोर्ट-ऑ-प्रिन्सचा खुला नकाशा तेव्हा जेमतेम मोठ्या रस्त्यांपुरता होता. उपग्रह कंपन्यांनी भूकंपानंतरची छायाचित्रं खुली केली आणि जगभरच्या शेकडो लोकांनी घरी बसून गल्ल्या, पडलेल्या इमारती, तंबूंच्या छावण्या रेखाटल्या. या कामाचं कौतुक भरपूर झालं. माझ्या मते मात्र त्याहून महत्त्वाचं काम त्यामागे निमूटपणे चाललं होतं. वाढत जाणारा नकाशा गार्मिनच्या जीपीएस यंत्रात चालेल अशा फाइलमध्ये कुणीतरी सतत नव्याने बांधून ठेवत होतं, आणि बचाव पथकं ती यंत्रात भरून घेत होती. नकाशा संकेतस्थळावरून उतरून माणसाच्या खिशात गेला तो इथे. त्याच वर्षी या मंडळींनी ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम, म्हणजे ‘हॉट’, ही संस्था रीतसर नोंदवली.

अर्थात हैतीतला प्रवास एका दिशेचा होता. जागेवरच्या माणसाला दिसलेलं नकाशात परत कसं घालायचं? याचं साधं उत्तर 2009 मध्येच मायकल मिगुर्स्की यांनी ‘वॉकिंग पेपर्स’मधून दिलं होतं, पुढे त्याचंच ‘फील्ड पेपर्स’ झालं. हव्या त्या भागाचा नकाशा कागदावर छापायचा. कोपऱ्यात क्यूआर कोड असतो. पेनाने लिहायचं: इथे हापसा, हा पूल तुटला, ही शाळा. परतल्यावर कागद स्कॅन करून चढवला, की कोडवरून सॉफ्टवेअर तो कुठला तुकडा ते ओळखतं आणि पडद्यावर बरोबर जागी बसवतं. मग हस्ताक्षर पाहून कुणीही नोंदी भरायच्या. चार्जिंग नको, प्रशिक्षण नको. पावसात भिजतो एवढीच तक्रार, आणि ती प्लॅस्टिकच्या पिशवीने मिटते.

गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या देशांतल्या इबोलाच्या साथीने पुढचा टप्पा गाठायला लावला. साथ गिनीतल्या गेकेदू भागातून पसरली आणि तिथल्या खेड्यांचे नकाशेच नव्हते. नोव्हेंबर 2014 मध्ये अमेरिकन आणि ब्रिटिश रेड क्रॉस, डॉक्टरांच्या एमएसएफ या मदतसंस्थेची ब्रिटनमधली शाखा आणि हॉट यांनी अशा नकाशाबाहेरच्या जागा रेखाटण्यासाठी ‘मिसिंग मॅप्स’ सुरू केलं. अमेरिकन रेड क्रॉसचे स्वयंसेवक मोटारसायकलवरून सीमेलगतची गावं फिरू लागले. गावाचं नाव उपग्रहातून दिसत नाही. ते तिथे जाऊनच विचारावं लागतं.

या अनुभवातून ‘पोर्टेबल ओपनस्ट्रीटमॅप’ आकाराला आलं. एका हातात मावणाऱ्या छोट्या संगणकात त्या भागाचा पूर्ण नकाशा, फील्ड पेपर्स आणि फोनवरून नोंदी घेणारं ओपनमॅपकिट. पेटी स्वतःचं वायफाय सोडते. फोन तिला जोडले की बाहेरचं इंटरनेट लागतच नाही. संध्याकाळी दिवसभराच्या नोंदी पेटीत उतरवायच्या.

खरी डोकेदुखी शहरात परतल्यावर सुरू होते. पेटीतला नकाशा निघतानाचा. मधल्या काळात दूर देशातल्या कुणीतरी मूळ नकाशात तोच रस्ता सरळ केलेला असतो किंवा तेच घर पुसून नव्याने काढलेलं असतं. दोन्ही बदल आपापल्या जागी बरोबर असतात. ज्यांचा एकमेकांशी संबंध नाही ते बदल आपोआप मिसळता येतात. जिथे टक्कर होते तिथे माणसाने बसून एकेक निवाडा करायचा. नकाशा रेखाटणं याच्या तुलनेत सोपं म्हणायचं.

आपल्याकडे अडचण आणखी वेगळी होती. 2015 च्या चेन्नईच्या पुरात लोकांनी बुडालेले रस्ते ओपनस्ट्रीटमॅपवर बेतलेल्या नकाशावर खुणा करून दाखवले. आणि मे 2016 मध्ये केंद्राच्या एका विधेयकाच्या मसुद्यात परवानगीशिवाय भौगोलिक माहिती गोळा करणाऱ्याला 100 कोटी रुपयांपर्यंत दंड सुचवला गेला. मसुदा बारगळला. 15 फेब्रुवारी 2021 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय व्यक्ती आणि संस्थांवरची पूर्वपरवानगीची अट काढली.

हॉटने अलीकडच्या काळात टक्कर सोडवण्याऐवजी ती होऊच नये, यावर भर दिला आहे. त्यांचं फील्ड मॅपिंगचं साधन गावाचे तुकडे पाडून ते स्वयंसेवकांना वाटून देतं आणि कुठलं घर पाहून झालं ते दाखवतं. फॉर्म फोनवर ओडीके या माहिती गोळा करण्याच्या ॲपमध्ये ऑफलाइन भरायचा. रेंज आली की नोंदी आपसूक वर जातात.