करायला गेलो काळं, झालं वांगं

माझ्या एका मित्राकडे छर्‍याची बंदूक आहे. पुठ्ठ्यावर काढलेल्या वर्तुळांपलीकडे तिने आजवर काही टिपलेलं नाही. तिची मूठ आणि दस्ता वाळूच्या रंगाच्या प्लास्टिकचा. मित्राला हवा होता काळा. आधी त्याने स्प्रेचा रंग मारून पाहिला. तळहाताच्या घामाने महिन्याभरात मुठीवरचे पोपडे निघाले. मग कपड्यांच्या काळ्या रंगाची पुडी आणली, जुन्या पातेल्यात पाणी उकळलं, व्हिनेगर ओतलं आणि मूठ दहा मिनिटं बुडवून बाहेर काढली.

बाहेर आलं ते वांगं. तसाच तो तुकतुकीत लालसर जांभळा रंग. शिवाय एका बाजूला अंगठ्याचा ठसा, फिकट रेषांसकट, पोलीस ठाण्यात घेतात तितका स्वच्छ. मी रसायनशास्त्र शिकवतो म्हणून फोन मला आला. "पुडीत भेसळ आहे का रे?" भेसळ नव्हती. पुडी, प्लास्टिक आणि पाणी तिघंही आपापल्या नियमांनुसारच वागले होते.

स्प्रेचा रंग पृष्ठभागावर बसतो. त्याची आणि प्लास्टिकची ओळख वरवरची, म्हणून तो सोलवटतो. पुडीतला रंग मात्र लोणच्यातल्या मिठासारखा आत मुरावा लागतो, आणि सगळी प्लास्टिकं काही मुरवून घेत नाहीत. मित्राचं नशीब की त्याची मूठ नायलॉनची होती. आतल्या बाजूला, टॉर्च मारल्यावरच दिसतील अशी बारीक उठावाची अक्षरं होती: पीए६-जीएफ३०. पीए म्हणजे पॉलिअमाइड, अर्थात नायलॉन. जीएफ३० म्हणजे त्यात वजनाने ३० टक्के काचेचे तंतू. रंगाची पुडी विकत घेण्याआधी ही अक्षरं शोधावीत. लोक नेमकं उलटं करतात.

बंदुकीला नायलॉनचा दस्ता ही कल्पना तशी जुनी आहे. नायलॉन पहिल्यांदा तयार झालं १९३५ साली, अमेरिकेच्या ड्युपाँट कंपनीत, वॉलेस कॅरोदर्स यांच्या प्रयोगशाळेत. रेमिंग्टन ही बंदुका बनवणारी कंपनी तेव्हा ड्युपाँटच्याच मालकीची होती, आणि १९५९ साली तिने 'नायलॉन ६६' नावाची रायफल बाजारात आणली. दस्ता अख्खा नायलॉनचा, तपकिरी, हिरव्या आणि काळ्या रंगांत. पण तो रंग साच्यात ओतण्याआधीच कालवलेला असे, त्यामुळे कितीही ओरखडा पडला तरी खाली तोच रंग. घरी मुरवलेला रंग मिलिमीटरच्या छोट्याशा अंशापर्यंतच पोचतो. खोल ओरखड्यात जुना रंग डोकावणारच, हे आधीच मान्य करून कामाला लागावं.

नायलॉन रंग का घेतं? कारण ते पाणी पितं. प्लास्टिक आणि पाणी पितं, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण नायलॉन-६ पूर्ण भिजलं तर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ९ टक्के पाणी धरू शकतं. पाण्याचे रेणू नायलॉनच्या लांबलचक साखळ्यांमध्ये घुसतात आणि त्यांची एकमेकींवरची पकड सैल करतात. त्यात उष्णता मिळाली की साखळ्या वळवळू लागतात, मध्ये फटी उघडतात, आणि रंगाचा रेणू त्या फटींतून आत सरकतो.

आत गेलेला रेणू तिथे टिकतो तो व्हिनेगरमुळे. नायलॉनच्या साखळीच्या टोकाला अमाइन गट असतात. आम्लातला प्रोटॉन त्यांना चिकटला की त्यांच्यावर धन भार येतो. नायलॉन, लोकर, रेशीम यांच्यासाठीच्या रंगांना 'अ‍ॅसिड डाय' म्हणतात, आणि त्यांच्या रेणूंवर ऋण भार असतो. दोघांचं जमतं. व्हिनेगरऐवजी वाण्याकडचं लिंबूफूलही चालतं. मात्र लोकरीच्या मानाने नायलॉनमध्ये अशा जागा फारच थोड्या असतात. मोजक्या खुर्च्या आणि दारात गर्दी, असा प्रकार.

वांग्याचं उत्तर इथे सापडतं. काळा नावाचा एकच रंग पुडीत सहसा नसतो, तीन-चार रंगांची मिसळ असते. घरगुती 'सर्व कापडांसाठी' असलेल्या पुडीत तर दोन वेगळ्या जाती असतात: सुती कापडाला धरणारे रंग आणि नायलॉन-लोकरीला धरणारे. सुतीवाले बहुतेक सगळे पाण्यातच राहतात. म्हणून पातेल्यातलं पाणी शेवटपर्यंत काळंकुट्ट दिसतं आणि माणूस बुचकळ्यात पडतो की एवढा रंग शिल्लक असून मूठ का घेत नाही. उरलेल्यांमध्येही चुरस असते. आकाराने लहान, चपळ रेणू आधी शिरतात आणि खुर्च्या पटकावतात, मोठे, अवजड रेणू दाराशीच ताटकळतात. बर्‍याच मिश्रणांत पुढे धावणारे नारिंगी-लाल असतात आणि मागे रेंगाळणारे निळे. दहाव्या मिनिटाला मूठ बाहेर काढली तेव्हा तांबडी मंडळी आत बसली होती, निळी अर्ध्या वाटेवर होती.

ठशाचं कारण साधं आहे. बोटांचा तेलकटपणा, आणि कारखान्यात साच्यातून भाग सुटावा म्हणून फवारलेलं सिलिकॉन. दोन्ही पाण्याला अडवतात, आणि जिथे पाणी पोचत नाही तिथे रंगही पोचत नाही. भांड्यांच्या साबणाने कोमट पाण्यात घासून धुवावं आणि त्यानंतर त्या भागाला उघडा हात लावू नये.

डागाळ रंगाचं दुसरं कारण घाई. एकदम उकळत्या पाण्यात टाकलं की जिथे पहिला स्पर्श होतो तिथेच रंग झडप घालतो. ४० अंशांच्या आसपास सुरुवात करून हळूहळू ८०-९० पर्यंत न्यावं, सतत हलवत राहावं आणि तिथे अर्धा तास धीर धरावा. व्हिनेगरही एकदम ओतू नये. काचेचे तंतू स्वतः रंग घेत नाहीत, तेव्हा पृष्ठभागावर उघडे पडलेले तंतू राखाडी दिसले तर तो आपला दोष नव्हे.

एबीएस आणि पॉलिकार्बोनेट या नेहमीच्या टणक प्लास्टिकांवर भार असलेल्या टोकांची सोयच नाही, तिथे अ‍ॅसिड डाय हात हलवत परत येतो. त्यांना 'डिस्पर्स' जातीचे रंग लागतात. हे रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, प्लास्टिकमध्ये मात्र विरघळतात. १९२० च्या दशकात कृत्रिम अ‍ॅसिटेट रेशमासाठी ते शोधले गेले, आज पॉलिएस्टर त्यांच्यावरच रंगतं, कारखान्यात दाबाखाली १३० अंशांपर्यंत तापवून. घरी ते जमत नाही, आणि एबीएस तर उकळत्या पाण्याच्या जवळपास मऊ पडू लागतं. पातळ भाग पापडासारखा वाकतो. पॉलिप्रॉपिलीन, पॉलिथिलीन यांच्या नादी लागूच नये, त्यांना ना पाणी आवडतं ना रंग.

आता चूक निस्तरायची कशी? फिकट आला असेल तर पुन्हा पातेल्यात, थोडं जास्त आम्ल, जास्त वेळ. छटा चुकली असेल तर विरुद्ध रंग. लाल झाक मारायला हिरवा, निळी मारायला नारिंगी. पण हे गणित वजाबाकीचं आहे. प्रत्येक नवा रंग प्रकाशाचा आणखी थोडा भाग गिळतो, त्यामुळे दुरुस्ती नेहमी गडदाकडेच जाते. वाळूच्या रंगावर निळा चढवला की हिरवट येतो तो याच हिशेबाने: खालचा पिवळसर रंग कुठे गेलेला नसतो.

गडद झालेलं फिकट करायचं तर आधी सौम्य उपाय. गरम पाण्यात थोडा धुण्याचा सोडा. आम्लाने दिलेला धन भार सोडा काढून घेतो, खुर्ची सुटते आणि रंग पाण्यात उतरू लागतो. पाणी रंगीत होताना दिसतं, फार समाधान वाटतं. तेवढ्याने भागलं नाही तर सोडियम हायड्रोसल्फाइट, ज्याला डाईंगवाले 'हायड्रोस' म्हणतात. पुष्कळ रंगांच्या रेणूत दोन नायट्रोजन अणूंचा एक पूल असतो. हायड्रोस तो पूलच तोडतं, रंग कायमचा मरतो. काही निळे मात्र चिवट. ते तात्पुरते फिके पडतात आणि हवा लागली की परत येतात, निळीच्या पिंपातून काढलेलं पिवळट-हिरवं कापड वार्‍यावर निळं होतं तसे. रंग उतरवल्यावर दुसर्‍या दिवशी निळसर झाक उगवली तर दचकू नका.

हे काम खिडक्या उघडून, हातमोजे घालून करायचं. ते पातेलं पुन्हा स्वयंपाकघरात न्यायचं नाही. हायड्रोस आणि आम्ल एकत्र आलं तर गंधकाचा घुसमटवणारा वायू निघतो. आणि कपड्यांचं ब्लीच तर नकोच: ते नायलॉन कुजवतं, आणि व्हिनेगरशी गाठ पडली तर क्लोरीन वायू सोडतं. एवढ्या एका बाबतीत 'बघू करून' चालत नाही.

पातेल्यात घालायचे ते फक्त मूठ, दस्ता, झाकणं असे भाग, तेही स्क्रू आणि स्प्रिंगा काढून. हवेचा दाब सांभाळणारं काहीही, रबरी सीलं, चापाची यंत्रणा यांना हात लावू नये. अमेरिकेत खेळण्यातल्या आणि एअरसॉफ्ट (म्हणजे प्लास्टिकच्या गोळ्या मारणाऱ्या) बंदुकांच्या टोकाला कायद्याने नारिंगी खूण लागते. ती दुसर्‍याला ही बंदूक खरी नाही हे कळावं म्हणून असते, तिच्यावर रंग चढवायचा नाही.

रंगवल्यावर मूठ बसेना, म्हणून मित्राचा पुन्हा फोन. पाणी प्यायलेलं नायलॉन किंचित फुगतं, कानस हातात घ्यायची गरज नाही. दोन-तीन दिवस सावलीत वाळू द्यावं. त्या पाण्याचा एक फायदाही होतो: साच्यातून नुकतंच निघालेलं कोरडं नायलॉन ठिसूळ असतं, थोडं पाणी मुरलं की चिवट होतं. कारखान्यांत काही भाग मुद्दाम भिजवतात ते याचसाठी.

वांग्यावर आम्ही चिमूटभर हिरवा अ‍ॅसिड डाय वापरला. आधी साबणाने धुतलं, मग ताजं पाणी, व्हिनेगर, सावकाश तापवणं. पंचविसाव्या मिनिटाला चिमट्याने उचललं तेव्हा मूठ काळी होती, ट्यूबलाइटखाली आणि उन्हातही. अंगठ्याचा ठसा मात्र पूर्ण गेला नाही. तिरक्या उजेडात धरलं की रेषा दिसतात. सोडा घालून पुन्हा पहिल्यापासून करू म्हटलं, तर मित्र नको म्हणाला. चोरीला गेली तर ओळख पटवायला बरा, म्हणे.